पासपोर्ट दोन आहेत, मग आईस हॉकीत कोणत्या देशाकडून खेळायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगी १६ वर्षांची, डिफेन्सला खेळते. जन्म कॅनडातला, हॉकीही सगळी तिथेच शिकली. वडील चेक आहेत, त्यामुळे आता चेक पासपोर्टही हातात आलाय आणि पाठोपाठ चेक फेडरेशनकडून १८ वर्षांखालील मुलींच्या कॅम्पचं बोलावणं आलंय. आई विचारतात, आत्ता चेककडून खेळून घ्यावं आणि पुढेमागे कॅनडाने बोलावलं तर तिकडे जावं, असं चालतं का? शेवटी त्यांनी अर्धी ओळ भारताबद्दलही टाकली आहे, कारण नातेवाईक विचारत असतात.

मी ज्युनिअर खेळाडूंच्या ट्रान्सफरची आणि पात्रतेची कागदपत्रं बघतो. हा प्रश्न माझ्याकडे येतो तो बहुतेक वेळा याच शब्दांत: "आधी खेळून बघू, नंतर बदलू." मला तिथेच थांबवावंसं वाटतं. बदलता येतं, पण त्याची किंमत इतकी मोठी आहे की बदल नाहीच असं समजून पहिला निर्णय घेतलेला बरा. आणि दुसरं म्हणजे, तुमच्यापुढचा खरा प्रश्न जर्सीचा नाहीच. मुलगी पुढचे दोन हिवाळे कोणत्या देशात राहून खेळणार, हा आहे. तो सुटला की जर्सीचा प्रश्न बराचसा आपोआप सुटतो.

आयआयएचएफ, म्हणजे आंतरराष्ट्रीय आईस हॉकी महासंघ, खेळाडूकडे बघताना तीन गोष्टी तपासतो. त्या देशाचं नागरिकत्व आहे का? त्या देशातल्या स्पर्धांमध्ये ती प्रत्यक्ष किती खेळली आहे? आणि याआधी दुसऱ्या कोणत्या देशाकडून अधिकृत स्पर्धेत उतरली आहे का? पालकांचं लक्ष पहिल्या गोष्टीवर असतं, कारण पासपोर्ट दिसतो, हातात धरता येतो. पण अडतं ते दुसऱ्या आणि तिसऱ्या गोष्टीवर.

दुसरी गोष्ट घ्या. नवं नागरिकत्व मिळवून त्या देशाकडून पहिल्यांदाच खेळायचं असेल, तर वयाच्या दहाव्या वाढदिवसानंतर त्या देशातल्या स्पर्धांमध्ये सलग दोन हंगाम आणि किमान ४८० दिवस खेळल्याचा पुरावा लागतो. या काळात दुसऱ्या देशात ट्रान्सफर घ्यायची नाही, दुसरीकडे खेळायचंही नाही. तुमच्या मुलीला वडिलांकडून मिळालेलं नागरिकत्व कोणत्या तारखेपासून धरलं जातं, ते जन्मापासूनचं समजतात की नंतर मिळवलेलं, यावर बरंच अवलंबून आहे आणि त्याचा निकाल कागद बघूनच लागतो. माझा सल्ला असा की, दोन हंगामांची अट लागू होणार असंच धरून चाला. लागू नाही असं लेखी आलं तर आनंदच आहे. उलटं झालं तर मात्र मुलगी कॅम्पला जाऊन येते, सगळे कौतुक करतात आणि स्पर्धेच्या तोंडावर नाव कापलं जातं. एका मुलाच्या बाबतीत मी हे जवळून पाहिलं. पासपोर्ट होता, क्लब होता, प्रशिक्षकाचा भरवसा होता. पण ट्रान्सफर कार्डावरची, म्हणजे दुसऱ्या देशात खेळायला जाण्याच्या परवानगीच्या कागदावरची, तारीख काही आठवड्यांनी कमी पडली आणि त्याने ती पूर्ण स्पर्धा प्रेक्षकांत बसून काढली.

हा नियम उगाच आलेला नाही. पासपोर्ट वाटून रातोरात संघ उभा करता येऊ नये, हा त्यामागचा हेतू. त्यावरून वाद फार जुने आहेत. १९३६ च्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये, जर्मनीतल्या गार्मिश-पार्टेनकिर्शेनला, ब्रिटनने कॅनडाला २-१ ने हरवून सुवर्णपदक नेलं. त्या ब्रिटिश संघातले बहुतेक खेळाडू हॉकी शिकले होते कॅनडात. गोलकीपर जिमी फॉस्टर जन्माने ग्लासगोचा, पण वाढला विनिपेगमध्ये. फॉस्टर आणि ॲलेक्स आर्चर आमची परवानगी न घेता तिकडे गेले, असं कॅनडाचं म्हणणं होतं आणि स्पर्धेआधी त्यावरून चांगलीच खडाजंगी झाली. आज ज्याला आपण ट्रान्सफर कार्ड म्हणतो, त्याचंच ते भांडण.

यजमान देशांनी हा दोन हंगामांचा रस्ता पद्धतशीर वापरलाही आहे. २०१८ च्या प्योंगचांग ऑलिंपिकसाठी दक्षिण कोरियाने ब्रॉक रॅडुन्स्के, गोलकीपर मॅट डाल्टन अशा उत्तर अमेरिकी खेळाडूंना नागरिकत्व दिलं, पण ते आधीपासून तिथल्या क्लबांकडून खेळत होते. चीनने २०१६ मध्ये कुनलुन रेड स्टार हा क्लब रशियाच्या केएचएल लीगमध्ये उतरवला आणि २०२२ च्या बीजिंग ऑलिंपिकचा पुरुष संघ मुख्यतः त्याच क्लबातून आला. कर्णधार ब्रँडन यिप व्हँकुव्हरच्या भागात वाढलेला. लोक याला भाडोत्री संघ म्हणून नाकं मुरडतात. मला त्यात सरसकट काही वावगं वाटत नाही. एखादा माणूस वर्षानुवर्षं तिथल्या क्लबात खेळला असेल, तर त्याने तिथली जर्सी घालण्यात गैर काय? डाल्टन तर ऑलिंपिक संपल्यावरही तिथेच खेळत राहिला. पण तुमच्या मुलीचं प्रकरण वेगळं आहे. तिला कुणी क्लब आणि पगार घेऊन बोलावत नाहीये, तिला कॅम्पचं एक पत्र आलं आहे.

आता तिसरी गोष्ट, म्हणजे बदल. एकदा एका देशाकडून आयआयएचएफच्या अजिंक्यपद स्पर्धेत किंवा ऑलिंपिकमध्ये, अगदी त्यांच्या पात्रता फेरीतसुद्धा, खेळलं की दुसऱ्या देशाकडे जाण्यासाठी त्या नव्या देशात सलग चार वर्षं, १४४० दिवस, खेळावं लागतं. आणि अशी मुभा आयुष्यात एकदाच. ऑलिंपिकचा स्वतःचाही नियम आहे: आधीच्या देशाकडून शेवटचं खेळल्यापासून साधारणपणे तीन वर्षं जावी लागतात. तुमची मुलगी १७ व्या वर्षी चेककडून १८ वर्षांखालील विश्वअजिंक्यपद खेळली, तर कॅनडाकडे वळायला तिला सगळं सुरळीत झालं तरी एकविशी-बाविशी उजाडेल. खेळाडू सीनियर संघाचं दार ठोठावते ती हीच वर्षं. शिवाय चार वर्षांनी कॅनडाला तिची गरज असेलच, हे कुणी सांगावं?

इथे पालक विचारतात की मग कॅम्पलासुद्धा जाऊ नये का? जरूर जा. कॅम्प, सराव शिबिर, मैत्रीपूर्ण सामना यांनी खेळाडू त्या देशाशी बांधली जात नाही. बांधते ती आयआयएचएफची अधिकृत स्पर्धा, मग ती १८ वर्षांखालची असो की सीनियर. मुलांमध्ये गाजणारी ह्लिंका ग्रेट्स्की कप ही आयआयएचएफची अजिंक्यपद स्पर्धा नाही. एनएचएल, म्हणजे उत्तर अमेरिकेतली पुरुषांची व्यावसायिक लीग, स्वतः भरवते त्या स्पर्धांचं गणित तर साफ वेगळं. २०१६ च्या वर्ल्ड कप ऑफ हॉकीत 'टीम युरोप' आणि तरुण खेळाडूंची 'टीम नॉर्थ अमेरिका' असे संघ होते. कॅनडाचा मॅकडेव्हिड आणि अमेरिकेचा मॅथ्यूज एकाच जर्सीत खेळले आणि त्यामुळे कुणाचाही देश बदलला नाही. तेव्हा कुणी 'राष्ट्रीय संघ' असा शब्द वापरला की आधी एकच विचारायचं: ही स्पर्धा कोणाची?

लोक मला नेहमी जुनी उदाहरणं दाखवतात. पीटर स्तास्तनी चेकोस्लोव्हाकियाकडून खेळला, १९८० मध्ये भाऊ अँटनबरोबर देश सोडून क्वेबेकला आला, १९८४ च्या कॅनडा कपमध्ये कॅनडाकडून खेळला आणि १९९४ च्या ऑलिंपिकमध्ये नव्या स्लोव्हाकियाकडून. त्याची मुलं यान आणि पॉल अमेरिकेकडून खेळली. एका घरात चार देश! पेत्र नेद्वेदचंही तसंच. १९८९ मध्ये कॅल्गरीतल्या एका ज्युनिअर स्पर्धेसाठी आला तो परत गेलाच नाही. १९९४ मध्ये कॅनडाकडून ऑलिंपिक रौप्य मिळवलं, पुढे चेक संघात परतला आणि २०१४ च्या सोची ऑलिंपिकमध्ये वयाच्या ४२ व्या वर्षी चेक जर्सीत उतरला. गोष्टी भारी आहेत, पण त्यांच्या आधाराने आज योजना आखू नका. त्या काळात देश फुटत होते, माणसं सीमा ओलांडून पळत होती. तुमच्या घरात तसं काही घडत नाहीये.

तुम्हाला जवळचं उदाहरण हवं असेल तर ब्रेट हलचं घ्या. जन्म कॅनडातला, वडील बॉबी हल म्हणजे कॅनडाचं दैवतच, आई अमेरिकन. कॉलेजची हॉकी तो अमेरिकेत, मिनेसोटा-डुलुथला खेळला. १९८६ च्या विश्वअजिंक्यपदासाठी कॅनडाने विचारलं नाही, अमेरिकेने विचारलं. तो गेला. दहा वर्षांनी, १९९६ च्या वर्ल्ड कपमध्ये, त्याच अमेरिकी संघाने कॅनडाला हरवलं आणि हलला कॅनडात भरपूर शिव्या बसल्या. पण त्याच्या निर्णयाची मांडणी बघा. नागरिकत्व होतं, खेळ त्याच देशात चालू होता आणि बोलावणं आलं होतं. तिन्ही गोष्टी एका बाजूला होत्या. माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक घराला मी हेच तपासायला सांगतो. तुमच्या मुलीच्या बाबतीत नागरिकत्व दोन्हीकडे आहे, खेळ एकीकडे आणि बोलावणं दुसरीकडे. म्हणून तर तुम्हाला प्रश्न पडलाय.

मग संधीचं काय? इथे मी जरा रोखठोक बोलतो. महिलांच्या विश्वअजिंक्यपदाची अंतिम लढत आजवर जवळजवळ दरवेळी कॅनडा आणि अमेरिकेतच झाली आहे. अपवाद २०१९ चा, तेव्हा फिनलंडने अंतिम फेरी गाठली. कॅनडाच्या सीनियर संघात डिफेन्सच्या जेमतेम सात-आठ जागा असतात आणि एकेका जागेवर खेळाडू अनेक वर्षं टिकतात. मुलगी उत्तम असूनही तिला कधीच बोलावणं न येणं अगदी शक्य आहे आणि त्यात तिचा काही कमीपणा नसेल. चेक महिला संघ मात्र गेल्या काही वर्षांत फार पुढे आलाय. २०२२ आणि २०२३, लागोपाठ दोन वर्षं त्यांनी विश्वअजिंक्यपदात कांस्य मिळवलं, तेही कार्ला मॅक्लाउड या कॅनडाच्या माजी ऑलिंपिक विजेत्या डिफेन्स खेळाडूच्या हाताखाली. म्हणजे चेककडून खेळणं ही काही दुय्यम तडजोड राहिलेली नाही. दुसरी बाजू अशी की, संघ वर गेला तसं तिथे शिरणंही अवघड झालंय. पाच-सहा वर्षांपूर्वीच्या अंदाजावर जाऊ नका. चेक संघाच्या प्रशिक्षकांना थेट विचारा की त्यांच्या १८ वर्षांखालच्या यादीत डिफेन्सला कोण कोण आहे आणि तुमची मुलगी त्यात कुठे बसते. चांगला प्रशिक्षक याचं खरं उत्तर देतो. जो टाळतो, त्याच्या पत्राला किती वजन द्यायचं ते तुम्ही ठरवा.

क्लबच्या कारकिर्दीची काळजी मात्र सोडा. व्यावसायिक क्लब खेळ बघून घेतात. उत्तर अमेरिकेतली महिलांची व्यावसायिक लीग पीडब्ल्यूएचएल जानेवारी २०२४ मध्ये सुरू झाली, तेव्हापासून कातेरझिना म्राझोवा, तेरेझा वानिशोवा अशा चेक खेळाडू तिथे आहेत. राष्ट्रीय जर्सी कुठलीही असली तरी तो रस्ता खुला राहतो.

खरी काळजी आहे ती त्या दोन हिवाळ्यांची. १६ व्या वर्षी मुलीला चेकमध्ये पाठवायचं म्हणजे शाळा बदलणार, भाषा बदलणार, घर सुटणार. वडिलांकडचे आजी-आजोबा तिथे आहेत का? ती चेक बोलते का? युरोपात या वयाच्या मुली अनेकदा मुलांच्या संघात खेळतात, तिला ते मानवेल का? आणि अमेरिकन विद्यापीठाची शिष्यवृत्ती हे तुमचं स्वप्न असेल, तर तिथल्या प्रशिक्षकांच्या नजरेत राहण्याची हीच वर्षं आहेत. युरोपातून मुली एनसीएएला, म्हणजे अमेरिकन कॉलेजांच्या स्पर्धांत, जातात, नाही असं नाही. पण तिथल्या सीनियर क्लबबरोबर पैशाचा करार केला तर कॉलेजच्या पात्रतेवर प्रश्न येऊ शकतो, म्हणून सही करण्याआधी विद्यापीठाच्या पात्रता विभागाला विचारा. आणखी एक खाचखळगा: दोन हंगामांच्या मधल्या सुट्टीत मुलगी घरी आली आणि हौसेने जुन्या क्लबकडून एखादी स्पर्धा खेळली, तर सलगपणा मोडला असा अर्थ निघू शकतो. सुट्टीत सराव करा, पण कोणत्याही सामन्याच्या अधिकृत पत्रकावर नाव येऊ देऊ नका.

मुलगा असता तर आणखी एक प्रश्न विचारला असता. फिनलंड, दक्षिण कोरिया अशा देशांत पुरुष नागरिकांना सक्तीची लष्करी सेवा आहे. परदेशी राहणाऱ्यांसाठीचे नियम वेगळे असतात, पण पासपोर्टबरोबर ही जबाबदारी येते का हे आधी बघायचं असतं. हा मजकूर वाचणाऱ्या इतर पालकांसाठी सांगून ठेवतो. तसंच देशाच्या राजकारणाचं. २०२२ च्या फेब्रुवारीअखेरीस आयआयएचएफने रशिया आणि बेलारूसच्या संघांना स्पर्धांबाहेर ठेवलं. त्यांच्याकडून खेळण्याचं ठरवून बसलेल्या कितीतरी ज्युनिअर खेळाडूंच्या हातून १८ आणि २० वर्षांखालची वयं तशीच निघून गेली. चेक किंवा कॅनडाबाबत हा धोका आज दिसत नाही, पण देश निवडताना त्या देशाचं नशीबही आपण घेतो.

भारताबद्दल. भारत १९८९ पासून आयआयएचएफचा सदस्य आहे आणि २०२५ मध्ये भारतीय महिलांनी अल ऐनला झालेल्या आशिया कपमध्ये कांस्य मिळवलं, बहुतांश लडाखच्या मुलींच्या जोरावर. पण भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही, ओसीआय कार्ड म्हणजे नागरिकत्व नव्हे, आणि २००८ पासून भारत सरकारचं धोरण आहे की भारतीय पासपोर्ट असलेल्यांनीच देशाकडून खेळावं. म्हणजे तुमच्या मुलीला दोन्ही पासपोर्ट सोडावे लागतील. नातेवाइकांना एवढं सांगितलं की ते पुन्हा विचारणार नाहीत.

मुलीच्या मनाचं काय, असं तुम्ही विचारलं नाहीत, पण मी नेहमी विचारतो. २०१८ च्या ऑलिंपिकमध्ये मिनेसोटात एका घरात वाढलेल्या दोन बहिणी होत्या. हॅना ब्रँट अमेरिकेकडून खेळून सुवर्णपदक घेऊन गेली. तिची दत्तक बहीण मरिसा, कोरियात जन्मलेली, संयुक्त कोरियाच्या संघात पार्क युन-जुंग या आपल्या जन्मनावाची जर्सी घालून खेळली. त्या संघाने एकही सामना जिंकला नाही. म्हणून मरिसाचा निर्णय चुकला असं म्हणता येईल का? मला नाही वाटत. पण तिला आपण कुठे आणि का खेळतोय हे माहीत होतं. तुमच्या मुलीला आजीच्या गावाची, वडिलांच्या भाषेची ओढ असेल तर ते वजनदार कारण आहे, ते आमच्या नियमांच्या वहीत मावत नाही इतकंच. फक्त "कॅनडात जागा मिळणार नाही म्हणून" एवढंच कारण असेल, तर परक्या देशातला दुसरा हिवाळा फार लांबतो. तिला एकटीला बसवून विचारा, वडील समोर नसताना. वडिलांना आवडेल तेच उत्तर मुलं देतात, असं मी बऱ्याचदा पाहिलंय.

माझं मत विचाराल तर आत्ता कॅम्पला पाठवा आणि अधिकृत स्पर्धेचा फॉर्म मात्र भरू नका. कॅम्पमध्ये मुलगी खेळाची पातळी बघेल, संघातल्या मुली बघेल, भाषा कितपत जमते ते बघेल. तिथून आल्यावर ती स्वतःहून "मला परत जायचंय" म्हणाली, तर दोन हंगामांचा विचार मनापासून करा. नाही म्हणाली तर कॅनडात राहून कॉलेजच्या तयारीला लागू द्या. चेक नागरिकत्व कुठे पळून जात नाही, विशी-बाविशीतसुद्धा तिथल्या क्लबात दोन हंगाम खेळून सीनियर संघासाठी पात्र होता येतं. अनेक खेळाडू कॉलेज संपल्यावर हाच मार्ग धरतात आणि खरं सांगायचं तर तुमच्याकडे बघून मला तोच जास्त पटतो.

कॅम्पला निघण्याआधी चेक फेडरेशनच्या पात्रता बघणाऱ्या व्यक्तीला एक ई-मेल पाठवा, प्रशिक्षकाला नव्हे. त्यात मुलीची जन्मतारीख, दोन्ही नागरिकत्वांच्या कागदांवरच्या तारखा, दहाव्या वर्षापासून आजवरच्या प्रत्येक हंगामाचा क्लब आणि तो कोणत्या फेडरेशनकडे नोंदलेला होता, आणि याआधी कोणत्याही देशाकडून अधिकृत सामना खेळली नसल्याचं स्पष्ट वाक्य, एवढं हवं. मग दोनच प्रश्न विचारा: तिला दोन हंगामांची अट लागू होते का, आणि होत असेल तर दिवस कोणत्या तारखेपासून मोजले जातील? उत्तर आयआयएचएफकडून तपासून लेखी द्या, अशी विनंती करा. फोनवर कुणी "होऊन जाईल" म्हणालं तर आभार माना आणि ई-मेलच्या उत्तराची वाट बघा.